थोरलीचा टाक

माझे वडील ब्रह्मदेशात लढाईत पडल्याची तार आमच्या घरी आली ती उसाची तोड चालू असताना, एका मंगळवारी, दुपारच्या जेवणानंतर. तेव्हा माझी आई जाऊन तीन वर्षं होत आली होती आणि वडिलांची दुसरी बायको शेवंता घरात येऊन दीड वर्ष. मी बारा वर्षांची होते. तार आल्याच्या तेराव्या दिवशी शेवंताचा भाऊ तिला कायमची माहेरी न्यायला गाडी घेऊन आला. तिने जायचं की राहायचं, हा प्रश्न तिच्या गळ्यातल्या टाकावर येऊन थांबला. तो टाक म्हणजे माझी आई होती.

हे नीट सांगायला हवं, कारण आता ही चाल फारशी कुणाला माहीत नसते. आमच्याकडे पहिली बायको गेल्यावर पुरुषाने दुसरं लग्न केलं, तर दुसरीच्या गळ्यात पहिलीचा टाक बांधत. टाक म्हणजे सोन्याचा किंवा चांदीचा, अंगठ्याच्या नखाएवढा पातळ पत्रा. त्यावर हात जोडलेली एक बाई उठवलेली असे. तो मंगळसूत्रातच, दोन वाट्यांच्या शेजारी ओवायचा. दुसरीने सकाळी आपल्या कपाळाला कुंकू लावण्याआधी टाकाला लावायचं. नवं लुगडं आलं की आधी त्याचा पदर टाकाला टेकवायचा, मग नेसायचं. सणाचा पहिला घास टाकाला दाखवायचा. पहिलीला थोरली म्हणायचं. असं केलं नाही तर थोरली दुसरीला नांदू देत नाही, अशी समजूत होती. मी ती खरी किंवा खोटी म्हणत नाही. आमच्या गावात त्या काळी असे टाक घातलेल्या निदान चार बायका माझ्या माहितीच्या होत्या, आणि चौघीही हे सगळं रोज न चुकता करत.

टाक घडवायला आम्ही आष्ट्याला सोनाराकडे गेलो, ती सकाळ मला स्पष्ट आठवते. वडील, त्यांची थोरली बहीण आणि मी. वडिलांना मी आबा म्हणत असे आणि त्यांच्या बहिणीला आत्ती. आत्ती लवकर विधवा होऊन माहेरी परतली होती आणि आईनंतर आमचं घर तीच चालवत होती. आबा पलटणीत हवालदार होते. लग्नापुरती रजा काढून आले होते. मला बरोबर न्यायचं काही कारण नव्हतं, पण घरी ठेवायला कुणी नव्हतं. आईच्या कानातल्या बुगड्या आत्तीने लुगड्याच्या पदरात गाठ मारून आणल्या होत्या. सोनार म्हातारा होता आणि बोलका होता. त्याने बुगड्या आटवल्या, पत्रा ठोकला आणि फळीवरून एक पितळी ठसा काढला. मी विचारलं, "माझ्या आईचा ठसा तुमच्याकडं कसा?"

तो हसला. "आगं पोरी, ह्यो सगळ्यांचाच. ह्या एका ठशावर पंचक्रोशीतल्या किती थोरल्या घडल्या. एकीची तक्रार न्हाई आली अजून."

"तक्रार करायला ती यायला पायजे की तुमच्याकडं," आत्ती म्हणाली.

पत्रा ठशावर ठेवून सोनाराने ठोकला आणि उलटा केला, तर त्यावर एक बाई उठली होती. गोल तोंड, दोन ठिपक्यांचे डोळे, जोडलेले हात. मी म्हणाले की माझ्या आईच्या गालावर गोंदण होतं. सोनाराने विचारलं, "कंच्या गालावर?" मी माझ्या उजव्या गालाला बोट लावलं. त्याने बारीक टोचणी घेतली आणि त्या बाईच्या उजव्या गालावर एक टिंब उठवलं. तेवढं तो फुकट करून देतो, असंही म्हणाला. घरी येताना बैलगाडीत आत्तीने टाक हातावर घेऊन पाहिला आणि म्हणाली, "हौसाचं गोंदण डाव्या अंगाला हुतं की गं." हौसा हे माझ्या आईचं नाव. मी आईला कायम समोरूनच पाहिलं होतं. तिचा डावा गाल माझ्या उजव्या हाताला यायचा. गाडी तेव्हा नदीच्या उताराला लागली होती. परत फिरायचं का, असं आबांनी विचारलं. आत्ती म्हणाली, राहू द्या.

शेवंता आली विट्याच्या पलीकडच्या कोरड्या मुलखातून. ती अठरा-एकोणीस वर्षांची असेल. तिच्याकडे बाजरी, हुलगे आणि मेंढ्या; पाऊस कधी पडायचा, कधी नाही. आमचं गाव कृष्णेच्या काठावर. घर तीन खणांचं, मातीच्या भिंतींचं, मागे गोठा, पुढे उसाचा मळा. हिवाळ्यात गुऱ्हाळ लागलं की चरकाचा करकर आवाज पहाटेपासून सुरू व्हायचा आणि सगळ्या घराला उकळत्या रसाचा वास यायचा. शेवंताला आमच्याकडचं पाणी पाहून भीती वाटली, असं ती नंतर मला म्हणाली. पहिले कित्येक महिने ती भांडी राखेने घासून, एका तांब्यात सगळी विसळायची. आत्ती ओरडायची, "आगं, नदी हाय म्होरं, नदी! तांब्यानं काय मोजून देतीस?" शेवंता मान खाली घालून म्हणायची, "सवय न्हाई वन्सं. सांडलं की जीव कसनुसा हुतो." तिच्या हातची बाजरीची भाकरी पातळ आणि टम्म फुगलेली असे. सकाळी ती हुलग्याचं माडगं करायची, गूळ घालून, वर चिमूटभर सुंठ. मी ते प्यायचं नाही असं ठरवलं होतं. मळीतली, म्हणजे नदीकाठच्या गाळाच्या रानातली, भरली वांगी तिला करता येत नव्हती. ती आत्तीने शिकवली, आणि शिकवताना आठ दिवस टोमणे मारले.

आबा लग्नानंतर अकराव्या दिवशी परत पलटणीत गेले. त्यांच्याबद्दल माझ्याकडे आठवणी थोड्या आहेत आणि त्या मी वाढवून लिहू इच्छित नाही. बुटाच्या पॉलिशचा वास, दाढी करताना तोंडाचा एका बाजूला केलेला कोपरा, आणि जाताना माझ्या डोक्यावर ठेवलेला हात. शेवंताकडे त्याहूनही थोड्या असाव्यात. तिला त्यांचा सहवास अकरा दिवसांचा. माझ्या आईचा दीड वर्षाचा, रोजचा.

मी तिच्याशी बोलत नव्हते. हट्टाने नव्हे, काय हाक मारायची ते ठरत नव्हतं. आई म्हणायला तोंड उघडत नव्हतं, नावाने हाक मारली तर आत्ती मारायची. शेवटी वाट सापडली ती टाकातून. एका सकाळी ती माझी वेणी घालत होती. मला आरशापुढे बसवून ती मागून वाकली होती आणि आरशात टाक माझ्या डोळ्यांसमोर लोंबत होता. मी टाकाकडे पाहून म्हणाले, "आई, हिला सांग, वेणी लय घट्ट घालू नको."

शेवंताचे हात थांबले. मग ती तितक्याच गंभीरपणे म्हणाली, "तुजी आई म्हणती, घट्टच घाल. सैल घातली की पोरगी झाडावर चढून सोडून येती."

"आई असं म्हणत नसती."

"माज्याजवळ ऱ्हाती ती. मला म्हायती."

त्या दिवसापासून घरात आम्ही तिघी झालो. मला काही हवं असलं की मी टाकाला सांगायचे, आणि उत्तर शेवंता द्यायची, पण थोरलीच्या नावाने. "आई, हिला सांग, मला माडगं नको." "थोरली म्हणती, दोन घोट पी, मग बघू." "आई, हिला विचार, माझी पाटी कुठं ठेवली." "थोरलीला म्हायत न्हाई, ती म्हणती, ज्यानं ठेवली त्यानं हुडकावी." आत्ती हे ऐकून कपाळाला हात लावायची. "येक मेली ती गेली, दुसरी आली ती खुळी, आन् तिसरी त्या दोघींची पोर. माजं काय खरं न्हाई." पण तिने ते बंद केलं नाही. एकदा तिने स्वतःच, रागात असताना, शेवंताशी न बोलता टाकाकडे बघून म्हटलं, "हौसा, तुझ्या सवतीला सांग, डाळीत मीठ न्हाई." शेवंता म्हणाली, "थोरली म्हणती, वन्संनीच टाकलं न्हाई, आज त्यांची पाळी हुती." त्यावर आत्ती हसली. मी तिला हसताना फार कमी वेळा पाहिलं, त्यातली ही एक.

मात्र कुंकवाच्या बाबतीत शेवंता कधी खेळ करत नसे. अंघोळ झाली की ती देवळीतल्या करंड्याचं झाकण काढायची, अनामिकेने टाकाला कुंकू टेकवायची आणि हात जोडायची. त्यानंतरच स्वतःला लावायची. दीड वर्षात टाकाच्या खळग्यांत कुंकू इतकं बसलं होतं की त्या बाईचा चेहरा दिसेनासा झाला होता. गालावरचं टिंबही भरून गेलं होतं.

पुढे मी वर्तमानपत्राच्या कचेरीत बरीच वर्षं काम केलं. एकदा औंधच्या एका वाचकाने पत्र लिहून विचारलं होतं की, भिंतीवर गोल चौकटीत चेहरा किंवा वेल उठवून काढतात त्या इंग्रजी 'मेडॅलियन'ला मराठीत काय म्हणावं. उत्तर द्यायचं काम माझ्याकडे आलं. मी कोश पाहिले. शब्द इटालियनमधला, अर्थ मोठं पदक. तिथून फ्रेंचमध्ये आणि मग इंग्रजीत गेला. गळ्यातलं मोठं पदक, भिंतीवरची किंवा छतावरची गोल नक्षी, गालिच्याच्या मधोमधची आकृती, या सगळ्याला तो लागतो. मराठीत मात्र प्रत्येक वस्तूला वेगळा शब्द निघाला. पदक हा मुळात हारातला छातीवर येणारा मधला तुकडा. शूराला सरकार देतं ते पदक नंतरचं. पट्टेवाल्याच्या छातीवर असतो तो बिल्ला. आत काहीतरी बंद करून राखणीसाठी बांधतात तो ताईत. माळेत ओवतात त्या पुतळ्या. देवघरात उभे करतात ते देवांचे टाक. हे सगळं मी तेरा ओळींच्या चौकटीत बसवलं आणि ती चौकट छापून आली. बायकोच्या गळ्यातल्या टाकाचा उल्लेख त्यात केला नाही. पुराव्याला कागद नव्हता, आणि ओळीही संपल्या होत्या.

तार आणली पोस्टाच्या माणसाने, आष्ट्याहून सायकलवर. इंग्रजीत होती. आत्तीने मला शाळेतल्या मास्तरांना बोलवायला पाठवलं. मास्तरांनी ती उभ्यानेच दोनदा वाचली आणि आत्तीला विचारलं, "घरात दुसरं कुणी पुरुषमाणूस हाय का?" आत्ती म्हणाली, "न्हाई. मला सांगा." त्यांनी सांगितलं. शेवंता चुलीपाशी हुलगे भाजत होती. तिने तवा उतरवला, चुलीतली लाकडं बाहेर ओढली, त्यांच्यावर पाणी मारलं आणि मग बाहेर आली. पाणी तिने पुरा तांब्याभर ओतलं, हे मी पाहिलं.

देह नव्हता. दर्भाचा पुतळा करून नदीकाठी जाळला. दहाव्याला कावळा लवकर शिवला नाही. आत्ती पिंडापुढे पदर पसरून म्हणाली, "पोरीचं मी बघीन," आणि मग शिवला. भाऊबंदांनी सगळं रीतीप्रमाणे केलं. शेवंताच्या बांगड्या फुटल्या, कपाळ पुसलं. मंगळसूत्र उतरवणं मात्र आत्तीने लांबवलं. शेवंताच्या माहेरचं माणूस आल्याशिवाय नको, असं ती म्हणाली. माहेरचं माणूस म्हणजे तिचा थोरला भाऊ बापू. तो लांब मद्रासकडे सोनं गाळायच्या दुकानात कामाला होता, विट्याकडचे पुष्कळ लोक जातात तसा. त्याला कळवून तो येईपर्यंत तेरावा उजाडला.

बापूमामा उंच, बोलायला सरळ माणूस होता. त्याच्या बोटांची टोकं ॲसिडने पिवळी पडली होती. भाड्याची बैलगाडी त्याने अंगणात उभी केली, बैल सोडले नाहीत. आत येऊन बहिणीजवळ बसला, थोडा वेळ रडला आणि मग आत्तीला म्हणाला, "आक्का, हिला न्यायला आलोय. आईनं सांगितलंय. हिचं वय काय, सांगा बरं. वीस पुरं न्हाई. पुढचं आमी बघू."

मी दाराच्या आत उभी होते. मला त्या क्षणी काय वाटलं ते लिहिता येईल, पण खात्रीने नाही. एवढं खात्रीने लिहिते: मला ती जायला नको होती, आणि हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं.

आत्ती म्हणाली, "न्या की. आमी काय बांधून ठिवलंय? पोरगी तुमची हाय. पर टाक आमचा हाय."

"टाक तुमालाच ऱ्हाऊ द्या. मी काय सोन्यासाठी आलो न्हाई. रोज सोन्यातच असतुया मी."

शेजारच्या गंगूकाकू आणि आणखी दोघी आल्या होत्या. मंगळसूत्र त्यांच्यासमोर उतरवायचं होतं. शेवंताला पाटावर बसवलं. आत्तीने मागून दोरा कापला, आणि मणी, वाट्या, टाक सगळं पितळी ताटात पडलं. मण्यांचं काय करायचं ते ठरलेलं होतं. ते नदीत सोडायचे. टाकाचं काय करायचं, हे तिथे कुणालाच ठाऊक नव्हतं. गावात टाकवाली बाई विधवा झाल्याचं त्यांच्यापैकी कुणी पाहिलं नव्हतं. दर वेळी नवऱ्याच्या आधी टाकवालीच गेली होती, आणि टाक तिच्याबरोबर.

"देवात ठिवा," एकजण म्हणाली.

"ती काय देव हाय व्हय?" आत्ती म्हणाली. "कुळाच्या देवाशेजारी कशी बसंल?"

"मग इंदूच्या गळ्यात घाला. आईच हाय तिची." इंदू म्हणजे मी.

"खुळ्या का काय तुमी? पोरगी उद्या सासरी जाईल. आईला घिऊन नांदायला जाती का कुणी? टाक नवऱ्याच्या बायकुनंच घालायचा. दुसऱ्या कुणाला न्हाई चालत."

गंगूकाकू म्हणाल्या, "मग मण्यांसंगं पाण्यात सोडा. आन् आता हिला तर घालताच येत न्हाई. थोरली सवाष्ण गेलीया, भरल्या कपाळानं. रांडमुंड बाईच्या गळ्यात सवाष्ण कशी ऱ्हाईल?"

बापूमामाने बाहेर जाऊन बैलांच्या मानेवर थाप मारली आणि परत आला. "शेवंते, गाठोडं बांध. दिस वर आलाय."

शेवंता उठली नाही. तिने आत्तीला विचारलं, "म्हंजी मी गाडीत बसले की हिला पाण्यात टाकणार?"

"मग काय करू? तूच सांग."

"मी ऱ्हायले तर?"

"ऱ्हायलीस तरी तुज्या गळ्यात न्हाई घालता येत. ऐकलं न्हवं का काकू काय म्हणाल्या? ती सवाष्ण हाय."

शेवंता ताटाकडे वाकली. मग तिने टाक उचलला. "कुणाची सवाष्ण?" ती म्हणाली. तिचा आवाज मोठा नव्हता. "नवरा तिचाबी त्योच हुता. माजा मेला तसा तिचाबी मेला. आता दोगी सारख्याच. मला येक न्याव आन् तिला येक, असं कसं?"

"आगं शेवंते, तोंड संबाळ," गंगूकाकू म्हणाल्या.

"संबाळलंच हाय की काकू. दीड वरीस संबाळलंय." मग भावाकडे वळून ती म्हणाली, "दादा, मी न्हाई येत."

"डोकं फिरलंय का तुजं?" बापूमामा म्हणाला. "पत्र्याच्या तुकड्यासाठी जल्म काढणार हतं? म्हयन्याभरात तुला मी दुसरा घडवून देतो, ह्याच्या दुप्पट."

"दुसरा कुणाचा घडवशील?"

तो आत्तीकडे वळला. "आक्का, तुमी तरी सांगा. तुमी भोगलंय हे समदं. हिला काय ठेवायचं हतं?"

आत्तीने माझ्याकडे पाहिलं, मग शेवंताच्या मोकळ्या गळ्याकडे. "मी माहेरी परत आले तवा मला कुणी इचारलं न्हवतं," ती म्हणाली. "हिला इचारलंय. हिनं सांगितलंय. माजं काय मधी?"

शेवंताने मला हाक मारली. "इंदे, दोरा आण. वाकळंचा."

इथे मला एक गोष्ट दुरुस्त करून लिहायची आहे. पुष्कळ वर्षं मला असं आठवत होतं की मी त्या वेळी धावत पुढे गेले आणि तिला "जाऊ नको" म्हणाले. मी हे माझ्या मुलांनाही सांगितलं होतं. आत्ती म्हातारपणी माझ्याकडे राहायला आली होती, तेव्हा तिने ते ऐकलं आणि म्हणाली, "तू काय बोलली न्हाईस. तू दोरा आणलास आन् परत दारात हुबी ऱ्हायलीस. तुज्या तोंडातून शबुद न्हवता." आत्तीची स्मरणशक्ती शेवटपर्यंत चांगली होती. मी तिचं म्हणणं मान्य करते. मी काही बोलले नाही.

दोरा पांढरा होता, वाकळ शिवायचा, जाड. शेवंता टाक घेऊन परसात गेली. मी मागे गेले. तिने मडक्यातली चिंच घेतली, चिमूटभर राख घेतली आणि टाक घासायला लागली. दीड वर्षाचं कुंकू होतं. ते लगेच निघेना. तिने बाभळीच्या काट्याने खळगे कोरले. लाल पाणी तिच्या मनगटावरून कोपरापर्यंत आलं. गंगूकाकू मागच्या दारातून बघत होत्या आणि तोंडावर पदर धरून "आगं बया, आगं बया," म्हणत होत्या. मला आईचं कपाळ आठवलं, तिला न्यायच्या दिवशी आत्तीने मळवट भरलेलं. मला वाटलं शेवंताचा हात धरावा. तोही मी धरला नाही.

कुंकू गेलं तसा चेहरा वर आला. गोल तोंड, दोन डोळे, जोडलेले हात. उन्हात तो पिवळा चमकला. शेवंताने तो दोऱ्यात ओवला, दोन्ही टोकं मागे घेतली आणि माझ्यापुढे पाठ करून बसली. "गाठ मार," ती म्हणाली. मी गाठ मारली. तिने विचारलं, "घट्ट झाली का?" मी म्हणाले, "झाली." मधे कुणाचं नाव न घेता मी तिच्याशी बोललेला तो पहिला शब्द होता, पण हे त्या वेळी आम्हा दोघींपैकी कुणाच्या लक्षात आलं असेल असं मला वाटत नाही.

गंगूकाकू आमच्या घरी त्यानंतर वर्षभर आल्या नाहीत. गावात चर्चा झाली. एका भाऊबंदाने आत्तीला वाटेत थांबवून विचारलं की, मेलेल्या सवाष्णीला विधवा करायचा अधिकार त्या पोरीला कुणी दिला. आत्तीने काय उत्तर दिलं ते तिने मला कधी सांगितलं नाही. लढाई संपल्यावर आबांची सरकारी पदकं पुठ्ठ्याच्या छोट्या डबीतून आली. पाकिटावर शेवंताचं नाव होतं. तिने अंगठा उठवून ती घेतली आणि पत्र्याच्या पेटीत ठेवली. तिने मला अक्षरं शिकवायला सांगितलं ते त्याच आठवड्यात. ती सही करायला शिकली, पुढे वाचायला शिकली नाही.

तेराव्याच्या त्या दिवशी बापूमामा जेवला. आत्तीने त्याला आग्रह केला नाही, पण भाकरी वाढली, आणि त्याने खाल्ली. दिवस कलायच्या आधी त्याने गाडी वळवली. बहिणीसाठी आणलेलं घोंगडं गाडीत अंथरलेलं होतं. ते त्याने घडी घालून ओट्यावर ठेवलं. जाताना तो म्हणाला की पुढच्या वर्षी परत येतो, तोवर इचार कर. शेवंता "ये," एवढंच म्हणाली.

तो पुढच्या वर्षी उसाच्या लागणीच्या दिवसांत आला, गाडी घेऊन. त्याच्या पुढच्या वर्षीही गाडी घेऊन आला. तिसऱ्या वर्षी तो आष्ट्याहून चालत आला, चार दिवस राहिला आणि आमच्या गोठ्याचं छप्पर शाकारून गेला.